येळवशीला शेतात गेलेल्या मुलाने महाबळेश्वर का लिहिलं?



२०२४ च्या जानेवारीतली गोष्ट. चौथीच्या वर्गाला मी फळ्यावर निबंधाचा विषय लिहून दिला, 'हिवाळ्याच्या सुट्टीत मित्रांसोबत'. दहा-बारा ओळी घरून लिहून आणा म्हटलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वह्या तपासायला घेतल्या. पहिल्या वहीत महाबळेश्वर. दुसऱ्या वहीत महाबळेश्वर. तिसरीत माथेरान, घोड्यासकट. चौथीत परत महाबळेश्वर, स्ट्रॉबेरी, वेण्णा तलावातली नौका आणि 'निसर्गाच्या कुशीत मन रमून गेले' हे वाक्य. हे वाक्य पुढच्या अर्ध्याहून जास्त वह्यांत होतं. माझा वर्ग लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला आहे. यातल्या बहुतेक मुलांनी महाबळेश्वर सोडाच, साताराही पाहिलेला नाही.

मार्गदर्शक पुस्तकातून किंवा मोठ्या भावाच्या मोबाईलवरून उतरवलेला निबंध ओळखायला आपल्याला काही वेळ लागत नाही. त्याचं मला तितकंसं वाटलंही नसतं. पण एका वहीपाशी मी थांबले. हा मुलगा मोजून पाच दिवसांआधी त्याच्या शेतात होता, वर्गातल्या सहा-सात पोरांना घेऊन. मला माहीत आहे, कारण मी बांधापलीकडच्या शेतात होते. दिवसभर त्यांचा ओरडा ऐकत होते. बोरीला दगड मारताना पाहिलं होतं, आणि एकदा हाकही मारली होती, की विहिरीकडे जाऊ नका म्हणून.

त्याला जवळ बोलावलं. म्हटलं, "अरे, तू येळवशीला शेतात होतास ना सगळ्यांना घेऊन?"

"हो मॅडम."

"मग ते का नाही लिहिलंस?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू प्रश्नच चुकलाय. म्हणाला, "मॅडम, ते निबंधात नसतंय."

आजचा लेख या एका वाक्याबद्दल आहे.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. मार्गशीर्ष अमावस्येला वेळ अमावस्या म्हणतात, बोलीत येळवस. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत, सोलापूर-बीड-नांदेडच्या काही भागांत आणि सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीकडे हा सण होतो. कानडीत तिळाला 'एळ्ळु' म्हणतात, त्यावरून हे नाव आलं असं बरेच जण मानतात. या दिवशी घरात कोणी राहत नाही. सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, आत पाच पांडव मांडायचे, म्हणजे चुना लावलेले पाच दगड, त्यांची आणि काळ्या आईची पूजा करायची आणि मग जेवायचं. जेवण म्हणजे भज्जी. ही कांद्याची भजी नव्हेत बरं का. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, कांद्याची पात, चिंच आणि बेसन घालून केलेली ही घट्ट भाजी. सोबत बाजरीची भाकरी, उंडे, गव्हाची खीर, तिळाची नाहीतर शेंगदाण्याची पोळी आणि ज्वारीचं पीठ व ताक यांची आंबील. लातूर शहरात त्या दिवशी दुकानं बंद असतात, रस्ते ओस पडतात. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात. ज्यांना शेत आहे ते आपल्या शेतात जातात. ज्यांना नाही त्यांना कोणीतरी बोलावतंच. बोलावणं नसलं तरी रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवतात.

आपल्या मराठी शाळांना हिवाळ्याची अशी वेगळी सुट्टी नसते. दिवाळीची सुट्टी संपली की नाताळचा एक दिवस, मग संक्रांत. इंग्रजी शाळांना नाताळची आठवडाभर मिळते. म्हणून आमच्या मुलांच्या दृष्टीने हिवाळ्यातली मित्रांसोबतची, शेतातली खरी सुट्टी म्हणजे हा एक दिवस. तो त्या सगळ्यांनी घेतला होता. आणि त्यातल्या एकानेही तो लिहिला नाही.

तुम्ही म्हणाल, मुलांचं काय चुकलं? काहीच नाही. हे आपणच शिकवलंय. सुट्टी म्हणजे 'थंड हवेचे ठिकाण'. निसर्ग म्हणजे डोंगर, धबधबा, तलाव. ज्वारीचं उभं रान हा निसर्ग नाही, ते काम आहे. आपल्या नमुना निबंधांत शेत कधी येतं? 'शेतकऱ्याचे मनोगत' या विषयात. तिथे शेतकरी रडत असतो. 'माझा गाव' मध्ये शेत येतं, पण 'हिरवेगार' एवढंच विशेषण लावून. शेतात मजा येते, शेतात माणूस लोळतो, काही न करता दुपार घालवतो, हे कुठल्या नमुन्यात आहे? दहा वर्षं मीही हेच नमुने फळ्यावर लिहून देत आलेय. त्या पोराने मला माझाच नियम ऐकवला.

आता माझी दुसरी चूक सांगते, ती जास्त लाजिरवाणी आहे. त्याच्या आधीच्या येळवशीला मी फार उत्साहात होते. सुट्टीचा शैक्षणिक उपयोग करू म्हटलं. मुलांना एक तक्ता दिला. शेतातली १० पिकं, ५ पक्षी, ५ अवजारं, पिकाचा हंगाम, पानाचा आकार, सोबत फोटो. पालकांच्या ग्रुपवर सूचना टाकली, आणि संध्याकाळपर्यंत फोटो आले पाहिजेत असंही लिहिलं. फोटो आले. भरपूर आले. सगळ्या फोटोंत पोरं हातात तक्ता धरून ताठ उभी. मागे झोका रिकामा. एका आजोबांनी मला दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन सांगितलं, "बाई, एक दिस तरी सोडा की लेकरांना." मी हसून वेळ मारून नेली. तक्ते पाहिले तर तेही एकमेकांचे बघून भरलेले. कोकिळा बहुतेक सगळ्यांच्या तक्त्यात होती. डिसेंबरात कोकिळेचा आवाज आमच्या रानात कोणी ऐकलाय का, कोण जाणे.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय, आणि ते मी इथे स्पष्ट लिहिते. सुट्टीत मुलांना काही द्यायचं नाही. गृहपाठ नाही, प्रकल्प नाही, 'निरीक्षण करा' नाही, फोटो नाही. सुट्टी ही शिकवण्याची वेगळी पद्धत नव्हे. ती सुट्टी आहे.

त्या दिवशी बांधावरून मी जे पाहिलं ते सांगते. सकाळी पोरं नुसती पळत होती. पूजा झाली, जेवणं झाली. भज्जी आणि आंबील पोटात गेल्यावर मोठी माणसं आडवी झाली. पोरंही थोडा वेळ गोधडीवर पडली, एकाच्या पोटावर दुसऱ्याचं डोकं. बराच वेळ कोणी काही केलं नाही. मग एकाने मुंगळ्यांची रांग पाहिली. मग त्या रांगेत भाकरीचा तुकडा ठेवून काय होतं ते पाहणं सुरू झालं. अर्धा तास. वर्गात मी अर्धा तास एका गोष्टीकडे लक्ष लावायला सांगते तेव्हा काय होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मग झोक्यावरून भांडण झालं, ते कोणा मोठ्याकडे न जाता मिटलं. येळवस त्या वर्षी ११ जानेवारीला, म्हणजे उशिरा आली होती, त्यामुळे एका तुकड्यातल्या कणसांत हुरडा धरला होता. आजोबांनी आगटी पेटवली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा. पहिल्यांदा चोळणाऱ्याचे हात भाजतात आणि निम्मा हुरडा फुंकरीबरोबर जातो. शहरातून आलेला एक भाचा होता कोणाचा तरी. त्याचं तेच झालं. बाकीची पोरं आधी हसली, मग दोघांनी त्याला शिकवलं. शाळेत त्या दोघांपैकी एक जण 'अप्रगत' यादीत होता. हे मी सहज सांगतेय, यावरून फार मोठा अर्थ काढू नका.

तारखेचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. २०२४ या एका इंग्रजी वर्षात येळवस दोनदा आली. ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. मुलांनीच हे कॅलेंडरवर हेरलं आणि विचारलं, असं कसं? मग आम्ही दिवस मोजले. ११ जानेवारी ते ३० डिसेंबर, ३५४ दिवस. त्याच्या आधीची येळवस २३ डिसेंबर २०२२ ची होती, तिथून ११ जानेवारी २०२४ पर्यंत ३८४ दिवस. ३० दिवसांचा फरक कुठून आला? २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, हे एका मुलीच्या आजीने सांगितलं. चांद्र वर्ष, अधिक महिना, वजाबाकी, कॅलेंडर वाचन, सगळं एका तासात झालं. हे सुट्टीनंतर झालं, शाळेत झालं, आणि मुलांच्या प्रश्नावरून झालं, एवढं फक्त लक्षात घ्या. सुट्टीच्या दिवशी मी कोणाच्या हातात कॅलेंडर दिलं नव्हतं.

आता हुरडा पार्ट्यांबद्दल. हल्ली डिसेंबर-जानेवारीत पुण्या-मुंबईकडच्या बऱ्याच शाळा मुलांना कृषी पर्यटन केंद्रात नेतात. माणशी ठरलेले पैसे, बैलगाडीची फेरी, हुरडा, पिठलं-भाकरी, जादूचे प्रयोग, संध्याकाळी परत. मी याला नावं ठेवणार नाही. शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो, शहरातल्या मुलाला ज्वारीचं कणीस दिसतं, यात वाईट काय? माझ्या मावसभावाच्या मुली अशाच एका ठिकाणी जाऊन आल्या आणि खूश होत्या. पण पालकांना एक फरक दाखवावासा वाटतो. तिथे मूल गिऱ्हाईक असतं. बैलगाडीला उशीर झाला तर ते कुरकुर करू शकतं, कारण पैसे दिलेत. मित्राच्या शेतात तेच मूल पाहुणं असतं. पाहुण्याला वाढतील ते खावं लागतं, आपल्यामुळे कोणाची धांदल होतेय हे पाहावं लागतं, उठून पाणी आणून द्यावं लागतं. आणि पुढे कधीतरी आपल्या घरी त्या मित्राला बोलवावं लागतं. त्या एका दिवसाची परतफेड पैशाने होत नाही, म्हणून मैत्री पुढे चालू राहते. तुमच्या ओळखीत एकही शेत नसेल तर केंद्रात जा, जरूर जा. पण बहुतेकांच्या ओळखीत शेत असतं. आपण विचारायला लाजतो.

धांदल म्हटलं म्हणून सांगते. 'आरामाची सुट्टी' हे शब्द लिहिताना माझाही हात जरा अडखळला. येळवशीच्या आदल्या रात्री आमच्याकडे बायका झोपत नाहीत. दाणे सोलणं, पोळ्या, उंडे, आंबील, भज्जीचं मोठं पातेलं. पहाटे चारला मी स्वतः चुलीपुढे असते आणि दुपारी सगळे पसरतात तेव्हा भांडी माझ्यासमोर असतात. मुलांनी हे पाहावं असं मला वाटतं. नुसतं पाहू नये, सोलायला बसावं. तुरीच्या शेंगा सोलायला चौथीतल्या मुलाचे हात पुरेसे मोठे असतात, आणि मुलग्याचेही पुरेसे असतात. गेल्या येळवशीला आमच्या घरी ते सुरू झालं. दाणे निम्मे तोंडात गेले, पण सुरू झालं.

पालकांच्या भीतीबद्दलही बोलायला हवं, कारण ती खोटी नाही. विहिरीला कठडा नसतो. कडब्याच्या गंजीत साप-विंचू असू शकतो. धुरामुळे आग्या मोहोळ उठलं तर काय होतं हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पोहता येत नसलेल्या मुलाने विहिरीपाशी जायचं नाही, मोठं माणूस जवळ नसताना आगटी पेटवायची नाही, पायात चप्पल हवीच आणि झाडावर मोहोळ असेल तर त्याच्या आसपास धूर करायचा नाही. एवढं स्पष्ट सांगा आणि एक मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात ठेवा. त्यापुढे दर पाच मिनिटांनी हाक मारू नका. हे मी तुम्हाला सांगतेय खरी, पण सुरुवातीला सांगितल्याप्रमाणे मीही हाक मारलीच होती.

त्या निबंधांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मी वह्या न तपासता परत दिल्या. फळ्यावरचा विषय पुसला. मुलांना म्हटलं, येळवशीला दुपारी जेवण झाल्यावर तुम्ही काय केलं, तेवढंच लिहा. सकाळ नको, पूजा नको, दुपारच. महाबळेश्वरला कोणी गेलं असेल तर त्याने महाबळेश्वर लिहावं. पहिली दहा मिनिटं कोणी पेन्सिल उचलेना. "मॅडम, काहीच नाही केलं," असं तीन-चार जण म्हणाले. म्हटलं, काहीच नाही केलं ते लिहा.

मग लिहिलं. शुद्धलेखनाचं विचारू नका. पण एकाच्या वहीत मुंगळा होता, एकाच्या वहीत झोक्यावरून पडून फाटलेली चड्डी होती, एकाने 'आंबील पिऊन मला गुंगी आली' असं लिहिलं होतं. ज्याने मला 'निबंधात नसतंय' म्हटलं, त्याने दीड पान लिहिलं, आजवरचं त्याचं सगळ्यात लांब लिखाण. 'कोप', 'आगटी', 'उंडे' हे शब्द त्याने लिहिले आणि मला येऊन विचारलं, हे चालतात का. मी हो म्हटलं. लाल पेन मी त्या दिवशी बाजूला ठेवलं. चुका पुढच्या आठवड्यात वेगळ्या घेतल्या.

माझी सहकारी शिक्षकांना विनंती एवढीच आहे की असे निबंध परीक्षेत आले तर गुण कापू नका. परीक्षक म्हणून आपण 'निसर्गाच्या कुशीत' ला पूर्ण गुण देतो आणि 'आगटी' खाली लाल रेघ मारतो, म्हणून पालक नमुने पाठ करून घेतात. पालकांचा दोष नाही त्यात. गुणांचा प्रश्न आपल्याच हातात आहे.

एक वही माझ्याकडे तशीच आहे. त्या हंगामात आमच्या शिवारात ऊसतोड कामगारांची टोळी उतरली होती, बीडकडची. त्यातली एक मुलगी शिक्षण हमी कार्ड घेऊन माझ्या वर्गात आली होती. हिवाळा म्हणजे तिच्या घरी कोयत्याचा हंगाम, पहाटेच्या थंडीत आई-बाप फडात आणि धाकट्या भावाला सांभाळणं तिच्याकडे. माझ्या फळ्यावरच्या विषयात ती कुठे बसत होती, हा विचार मी विषय देताना केलाच नव्हता. महाबळेश्वर तिनेही लिहिलं होतं, शेजारणीचं बघून.

येळवशीला तिच्या शेजारणीने तिला शेतात बोलावलं होतं. भावाला कडेवर घेऊन आली. रिकाम्या हाताने आली नाही. डोक्यावर वाढ्यांची एक पेंढी होती, यांच्या बैलांसाठी. उसाचे शेंडे विकून टोळीला चार पैसे मिळतात, त्यातली एक पेंढी तिच्या आईने दिलेली. शेजारणीच्या आईने भावाला मांडीवर घेतलं आणि हिला म्हणाली, जा, खेळ. दुसऱ्या वेळी लिहिताना तिने सात ओळी लिहिल्या. चार ओळी झोक्यावर. पाचवीत लिहिलंय, 'भाऊ काकूजवळ होता म्हणून माझे हात मोकळे होते.'

फेब्रुवारीत आमच्याकडचा ऊस संपला आणि टोळी पुढच्या गावाला गेली. कार्डावर नोंद करून दिली, पण वह्या तपासायला माझ्या घरी होत्या. ती द्यायची राहिली.